गुरुवारची निळी नळी

माझ्या मोठ्या जावेच्या उजव्या पायाची दोन बोटं कापली, त्याला आता बरीच वर्षं झाली. घरात त्यावर कोणी बोलत नाही. विषय निघालाच तर ती पाय साडीखाली ओढून घेते आणि मी उठून चहा टाकते. पण माझा राग गेलेला नाही. भांडी घासताना येतो, कपडे वाळत घालताना येतो. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. मला चार माणसांत बोलता येत नाही. कागदावर कोणी मधे बोलत नाही एवढं बरं आहे.

आम्ही डोंबिवलीला चाळीत राहायचो. लागून दोन खोल्या होत्या, एक मोठ्या दिरांची आणि एक आमची. मोरी दोघांत एकच. जाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी तिला आक्का म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला स्टोव्ह पेटवता येत नव्हता, तो तिने शिकवला. नळावर माझी कळशी कोणी मागे सरकवली तर मी गप्प उभी राहायचे आणि ती आतून ओरडत यायची, "कोणाची गं एवढी हिंमत?" तिचा आवाज दोन चाळी पलीकडे जायचा. दुकानात पाव मागायचा तरी मी बाकीची गिऱ्हाइकं संपेपर्यंत थांबायचे. त्यामुळे आक्का माझ्या वाटचं पण बोलायची आणि मी तिच्या वाटचं वाचायचे, कारण तिला अक्षरओळख नव्हती आणि माझी चौथी झाली होती.

तिला साखर निघाली त्या वर्षी आमच्या पालिकेच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आले. तरुण होते, हुशार होते, सकाळी वेळेवर यायचे. आधी आम्ही रांगेत बसायचो आणि एकेक जण आत जायचा. नव्या डॉक्टरांनी ते बंद केलं. साखरेच्या सगळ्या पेशंटनी गुरुवारी दहाला यायचं आणि सगळ्यांनी एकदम आत बसायचं. बारा जणांना तेच तेच बारा वेळा सांगण्यापेक्षा एकदाच सांगतो, म्हणाले. आणि एकमेकांचं बघून तुम्ही शिकाल. माझी मुलगी आता कामाला जाते, ती म्हणते आई, कल्पना काही वाईट नव्हती. नसेल. तिने ती खोली बघितलेली नाही.

खोलीत तीन बाकं होती. समोर टेबल, त्यावर लाकडी घोडी, घोडीत काचेच्या नळ्या. दवाखान्याच्या संडासाला कायम कुलूप असायचं, म्हणून लघवी घरून आणायची, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत, वर नंबराची चिठ्ठी चिकटवून. आक्काचा नंबर सात. तो मीच लिहायचे. सिस्टर प्रत्येकाच्या नळीत निळं औषध ओतायच्या, त्यात बाटलीतले थेंब टाकायच्या आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायच्या. साखर नसेल तर निळं ते निळंच राहायचं. थोडी असेल तर हिरवं व्हायचं, मग पिवळं, मग केशरी, आणि फार असेल तर विटेच्या रंगाचं. भिंतीवर डॉक्टरांनी त्या रंगांचे कागद एकाखाली एक चिकटवले होते. बारा नळ्या घोडीत ओळीने उभ्या राहायच्या आणि बारा माणसं आपापला रंग कधी बदलतो ते बघत बसायची. सोबत आलेले आम्ही दाराशी उभे असायचो. आम्हालाही सगळं दिसायचं.

पहिल्याच गुरुवारी सात नंबरची नळी विटकरी झाली. डॉक्टरांनी ती उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"कोण सात नंबर? उभ्या राहा."

आक्का उभी राहिली.

"बघा सगळ्यांनी. ह्या बाईंनी पोटात मिठाईचं दुकान काढलंय."

खोली हसली. सिस्टर हसल्या. डॉक्टरांना आपली गंमत आवडली, ते पुढे म्हणाले, "काय काय खाल्लंत आठवड्यात? सांगा, लाजू नका. इथे सगळे आपलेच आहेत."

आक्का म्हणाली, "भाकरी."

"भाकरीने नळी अशी होत नाही, मावशी. खरं बोला."

नळावर सगळ्या चाळीला गप्प करणारी बाई, हातात पदराचं टोक घेऊन उभी. मला वाटलं आता उलट काहीतरी बोलेल. पण समोर डॉक्टर होते. डॉक्टरांना उलट बोलायचं असतं हे आमच्यात कोणाला माहीतच नव्हतं. तिला दहा मिनिटं तरी उभं ठेवलं. मग एका हिरव्या नळीच्या काकांसाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ती बसली.

त्या बारा जणांत दोघी आमच्या मागच्या चाळीतल्या होत्या. संध्याकाळी नळाला पाणी आलं तेव्हा आक्का कळशी घेऊन गेली, तर मागून कोणीतरी म्हणालं, "सरका गं, विटकरी आली." आणि दुसरी म्हणाली, "तिच्या कळशीखाली कळशी लावू नका, सरबत येईल." सगळ्या हसल्या. आक्काही हसली. तिने कळशी भरली, घरी आणून ठेवली आणि दोन दिवस नळावर गेली नाही. तिचं पाणी मी भरलं.

पुढच्या बुधवारी दुपारी ती माझ्या खोलीत आली. मी तांदूळ निवडत होते. दार पुढे ओढून ती माझ्याजवळ बसली.

"उद्याची बाटली तू भर."

मला आधी कळलंच नाही.

"अगं तुझी दे. तुला काही नाहीये ना? तुझी निळी येईल. मला एकदा निळी यायला हवी, बस. मग मी बघते कोण काय बोलतं ते."

"आणि डॉक्टरांना कळलं तर?"

"लघवीवर काय नाव लिहिलेलं असतं? चिठ्ठी तर तूच लावतेस."

मी नाही म्हणाले नाही. तिला नाही म्हणायची मला सवयच नव्हती, हे खरं आहे. पण दुसरंही खरं आहे, तिला त्या खोलीत परत तसं उभं राहिलेलं मला बघवणार नव्हतं. सकाळी मोरीत मी बाटली भरली, बूच लावलं, सात आकडा लिहिला. नळी निळी राहिली. डॉक्टर इतके खूष झाले की टेबलाला वळसा घालून पुढे आले. "एका आठवड्यात! शाबास, मावशी!" टाळ्या वाजल्या. मागच्या चाळीतल्या दोघींनी पण वाजवल्या. आक्काने मान वर करून दाराकडे बघितलं आणि मला डोळा मारला.

एकदाच, असं ठरलं होतं. पण एकदा निळी आल्यावर पुढच्या वेळी विटकरी कशी आणायची? तसं झालं असतं तर तिला दुप्पट बोलणी खावी लागली असती. म्हणून त्याच्या पुढच्या गुरुवारी पण मीच भरली. चौथ्या गुरुवारी डॉक्टरांनी तिची गोळी अर्धी केली. पाचव्याला सकाळची गोळी बंदच केली. मी चिठ्ठी तिला दोनदा वाचून दाखवली. ती म्हणाली, "बघ, गोळ्या कमी झाल्या. बरी होतेय मी."

आणि डॉक्टरांनी तिला उदाहरण करून टाकलं. नवीन कोणी आलं की म्हणायचे, "सात नंबरला विचारा कसं केलं." आक्काला सांगावंच लागायचं. मग तिने कारल्याचा रस काढला. म्हणजे खरा नाही, बोलण्यात. रोज सकाळी कारल्याचा रस पिते, म्हणाली, आणि एक चमचा मेथी चावते. ती इतकं रंगवून सांगायची की मलाच वाटायचं ही कधी पिते, मला दिसत कशी नाही. बाकीचे लिहून घ्यायचे. खाडीकडच्या गावातली एक आगरी म्हातारी यायची, तिची नळी कायम केशरी. ती आक्काचा हात धरून म्हणायची, "मना पन नीट सांग गो बाय. साल काडून का सालीसकट?" आक्का म्हणायची, "सालीसकट, आजी." ती म्हातारी खरंच कारलं वाटून प्यायला लागली. एकदा तिला रस्त्यात उलटी झाली, तरी पित होती. तिच्याकडे बघताना मला माझीच लाज वाटायची, आणि डॉक्टरांचा राग यायचा. बारा माणसं समोर बसवली होती त्यांनी, पण त्यांतल्या एकाकडेही ते बघत नव्हते. ते नळ्यांकडे बघत होते. सात आठवड्यांत त्यांनी आक्काची जीभ बघितली नाही की पाय बघितले नाहीत. तिचा चेहरा उतरला होता, दिवसातून वीस वेळा पाणी प्यायची, ब्लाउज ढिले झाले होते. मी दाराशी उभी राहून हे बघू शकत होते, तर टेबलामागच्या माणसाला का दिसू नये?

पाय मला दिसला तो बुधवारी. शेजारी हळदीकुंकू होतं, तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या म्हणून मी खोबरेल घेऊन बसले. उजवा पाय मांडीवर घेतला तर वास आला. करंगळीच्या खाली, तळव्याला, चवलीच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं. आत हळद भरलेली. भोवतीचं कातडं काळं.

"आक्का, हे कधीचं?"

"नवीन चप्पल लागली गं. महिना झाला असेल. दुखत नाही."

मी बोटाने दाबलं. तिने साडीचा काठ नीट करता करता विचारलं, "पुसलंस का?" तिला कळलंच नव्हतं मी दाबलं ते.

मला रडू आलं. मी म्हटलं, "उद्या डॉक्टरांना दाखवायचं."

"बारा माणसांत पाय वर करू? एकदा झाली तेवढी शोभा पुरे. आणि मला आता साखर नाही. साखर असती तर जखम चिघळली असती. निळी येते ना नळी?"

"आक्का, नळी माझी असते."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हसेल. ती म्हणाली, "एका तव्यावरची भाकरी खातो आपण दोघी. तुझी निळी येते तर माझी लाल कशी येईल?"

ती मस्करी करत नव्हती. इतके गुरुवार टाळ्या वाजल्या होत्या की तिचा त्यावर विश्वास बसला होता. ज्या बाईने मला बाटली भरायला लावली, तिलाच ती बाटली खरी वाटत होती. त्या क्षणी मी इतकी घाबरले की तेलाची वाटी सांडली.

मी म्हटलं, उद्यापासून मी बाटली भरणार नाही. ती म्हणाली, मग मी दवाखान्यात जाणारच नाही. आणि ती गेली नसती. मला माहीत होतं. म्हणून गुरुवारी सकाळी मी पुन्हा भरली, फक्त तिला तिथपर्यंत न्यायला.

नेमके त्या दिवशी मुख्य ऑफिसातून एक मोठे डॉक्टर बघायला आले होते, पांढऱ्या केसांचे. गुरुवारची ही पद्धत त्यांना दाखवायची होती. बाकांवर चादरी घातल्या होत्या. आमच्या डॉक्टरांनी स्वतः सात नंबरची नळी घोडीतून काढली. "सर, ही आमची सगळ्यात चांगली केस." टाळ्या सुरू झाल्या.

मी दारातून म्हटलं, "ती माझी आहे."

कोणाला ऐकू गेलं नाही. मी परत म्हटलं. सिस्टरनी वळून बघितलं. "सोबतवाल्यांनी बाहेर थांबा हो. गर्दी करू नका."

आणि मी बाहेर गेले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तिचा पाय कुजतोय हे मला माहीत होतं, आणि एका बाईने बाहेर हो म्हटलं म्हणून माझे पाय आपोआप मागे सरकले, उंबऱ्याच्या बाहेर. डॉक्टरांचा राग येतो तितकाच मला त्या माझ्या पायांचा येतो. आतून आक्काचा आवाज येत होता, "कारलं घ्यायचं, सालीसकट..."

मग मी आत गेले. कोणाकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर पुन्हा बाहेर गेले असते. आक्का उभी होती, मी तिच्यासमोर खाली बसले आणि तिने जखमेवर बांधलेली चिंधी ओढून काढली. ती ओरडली, "अगं, काय करतेस!" तिने माझ्या डोक्यावर मारलं. मी पाय सोडला नाही. वास खोलीभर गेला. आगरी म्हातारीने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "आगं बाय माजे, पाय सरलाय हिचा, कुजलाय."

आमचे डॉक्टर नळी हातात धरून तसेच उभे. "पण हिची नळी तर..."

"नळी माझी आहे," मी म्हटलं. "पहिला गुरुवार सोडून सगळ्या माझ्या आहेत."

त्यांचं तोंड लाल झालं. "तुम्ही मला फसवलंत? सगळ्यांसमोर?"

हे त्यांचे शब्द. पाय समोर होता, त्याबद्दल एक अक्षर नाही. सगळ्यांसमोर, म्हणाले. साहेबांच्या पुढ्यात त्यांची एकदा मान खाली गेली ती त्यांना एवढी लागली. आक्काला त्यांनी दहा मिनिटं उभं केलं होतं तेव्हा तिला काय झालं असेल, हे त्यांच्या मनात तेव्हा तरी आलं का? मला नाही वाटत.

पांढऱ्या केसांचे डॉक्टर खाली वाकले. त्यांनी पाय हातात घेऊन बघितला, एक चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "आजच्या आज ठाण्याला न्या. उद्यावर टाकू नका."

मोठ्या दिरांच्या ओळखीच्या टेम्पोतून आम्ही ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. वाटेत आक्का माझ्याशी बोलली नाही. तिथे एक डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी आक्काला खाटेवर घेतलं, मला बाहेर व्हायला सांगितलं आणि पडदा ओढला. हिरवा, विरलेला पडदा, एका बाजूने कड्या तुटलेल्या. मी पलीकडेच उभी होते. बाईंनी विचारलं, "केव्हापासून त्रास आहे?" आणि आक्का बोलायला लागली. पायांना तीन महिन्यांपासून काही कळत नाही. चप्पल निसटून पडली तरी कळत नाही. डोळ्यापुढे माशा येतात. डब्यातला गूळ चोरून खाते. आईचा असाच पाय गेला होता, त्याची भीती वाटते, आणि भीती वाटली की गूळ खावासा वाटतो.

भिंतीपलीकडे राहत असून मला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या आईच्या पायाचं सुद्धा नाही. चहाला उकळी यायला लागेल एवढ्या वेळात तिने सगळं सांगून टाकलं, का तर मधे एक फाटका पडदा होता. आमच्या दवाखान्यात एक पडदा लावता आला नसता का? बाकांवर घालायला त्या दिवशी चादरी मिळाल्या होत्या.

दोन बोटं गेली. पाय राहिला. अजून आठ दिवस गेले असते तर घोट्यापासून काढावा लागला असता, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

आक्का घरी आली तरी माझ्याशी बोलत नव्हती. मी केलेली भाकरी खायची, पण भाजी वाढू का विचारलं तर मुलीकडे बघून सांगायची, "तिला म्हणावं नको." असे पंधरा दिवस गेले. मग एकदा पायाची पट्टी बदलताना तीच म्हणाली, "पहिल्याच दिवशी नाही म्हणायला काय झालं होतं तुला?"

मी पट्टी खाली ठेवली. म्हटलं, "तुम्ही मागितलं म्हणून दिलं. तुम्ही मला कधी नाही म्हणू दिलंय?" तिच्यावर आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ. तिने पाय पुढे केला आणि म्हणाली, "बांध आता. उघडा ठेवून भांडतेस."

गोळ्या पालिकेच्याच दवाखान्यातून घ्यायच्या होत्या, म्हणजे पुन्हा गुरुवार. आम्ही गेलो. दहाला सिस्टरनी हाक दिली, "साखरेवाले सगळे आत या." सगळे उठले. आक्का पण काठी टेकत उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"आम्ही मागून येतो," मी सिस्टरना म्हटलं.

"मागून कोणाला घेत नाहीत. सगळे एकदम."

"मग आम्ही इथेच बसतो."

आक्का हळूच म्हणाली, "चल ना गं, लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू देत."

तासाभराने सगळे बाहेर आले. काही आमच्याकडे बघून गेले, काही न बघता गेले. आगरी म्हातारी मात्र थांबली. काठी भिंतीला लावून ती आमच्या बाकावर बसली. "मना पन येक सांगायचा हाय. लोकान नाय सांगाला येत." तिच्या मागून हिरव्या नळीचे ते काका आले आणि बाकाशेजारी उभे राहिले.

डॉक्टर दारात आले. मला ओळखून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आता काय?"

"एकेकाला बघा," मी म्हटलं.

त्यांनी घड्याळ बघितलं. "माझी जेवायची वेळ झाली आहे."

कोणी उठलं नाही. मी तर उठणारच नव्हते. डॉक्टर वैतागून म्हणाले, "चला. पहिलं कोण?"

मी आक्काला आत ढकललं आणि दार ओढून घेतलं. ते नीट लागत नव्हतं, फटीतून सगळं ऐकू यायचं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. आतून आक्काचा आवाज यायला लागला, तसं मी त्या म्हातारीशी बोलायला लागले, जोरजोरात, रॉकेलची रांग, नळाचं पाणी, तोंडात येईल ते. म्हातारी हातवारे करून म्हणाली, "हलू बोल गो, मना ऐकाला येतं." पण मी आवाज कमी केला नाही. आतलं बोलणं संपेपर्यंत मी तशीच बोलत होते.